हे पत्र मोठ्याने वाचावे

कॅम्प नंबर तीन, उल्हासनगर
७ फेब्रुवारी १९५३

अंजनी,

पत्राच्या वर 'चि. सौ. अमुक हिस अनेक आशीर्वाद' असं लिहायचं असतं, हे आम्हांला इथे शिकवलंय. मी ते दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. तुला आशीर्वाद द्यायला हात वळत नाही. तेव्हा नुसतंच नाव.

मी मेले नाही. तुम्ही माझं तेरावं उरकलंत, नदीवर पिंड ठेवलात, आणि कावळा लगेच शिवला असं हरिचंद्र सगळ्यांना सांगत होता, हे सोनिवलीच्या कमळाबाईकडून कळलं. ती इथल्या बाजारात भाजीची पाटी घेऊन येते. मला बघून तिची पाटीच खाली आली. बोलत होती माझ्याशी, पण बघत होती माझ्या पायांकडे, उलटे आहेत की काय म्हणून.

तुला वाचता येत नाही. पत्र शाळेच्या पत्त्यावर टाकतेय, म्हणजे ते विष्णुपंत गुरुजींच्या हातात पडेल. गुरुजी, नमस्कार. हे पत्र मोठ्याने वाचा. शाळेच्या ओट्यावर बसून वाचा, म्हणजे पाण्याला जाणाऱ्या बायकाही ऐकतील. मधली वाक्यं गाळू नका. तुमचा आवाज मोठा आहे, मला ठाऊक आहे. त्या दिवशी ते माझे केस कापत होते तेव्हा तुम्ही शाळेचं दार लावून घेतलंत आणि पोरांकडून एकोणतीसचा पाढा म्हणवून घेतलात. माझ्या ओरडण्याच्या वर तो पाढा ऐकू येत होता.

ओट्याशी कुणी नवी सून उभी असेल तर तिच्यासाठी सांगते. मी बनूबाई. हरिचंद्राच्या थोरल्या भावाची विधवा, ह्या अंजनीची थोरली जाऊ. वीस वर्षं उंबरवाडीची सुईण होते. आत्ता ऐकताय त्यांतल्या निम्म्यांना मीच बाहेर काढलंय. अंजनीचा पहिला मुलगा आठव्या दिवशी गेला. दोन वर्षांनी दुसरा झाला, तो सातव्या दिवशी गेला. मग जनू भगताला बोलावलं. त्याने सुपात तांदूळ टाकले, घुमला आणि म्हणाला, घरातलीच बाई हाय, हाताला रगत लागलेली. नाव त्याने घेतलं नाही. नाव तू घेतलंस, अंजनी. खाटेवर उठून बसलीस आणि माझ्याकडे बोट केलंस. 'हिनीच खाल्ली माजी पोरं.' त्याच सकाळी मी तुझ्या कमरेला शेक दिला होता.

तुझ्या पोरांना मी काही केलं नाही. माझ्या हातून काही झालेलं नाही. गुरुजी, हे दोनदा वाचा.

आता कामाचं. गेल्या आठवड्यात मी कोर्टात फिर्याद दिली. हरिचंद्र, जनू भगत आणि मला धरणारे दोघे. तुझं नाव आरोपींत घातलेलं नाही. दया आली म्हणून नव्हे. तू उंबऱ्यात उभी होतीस. दगड कुणाच्या हातात होता ते तुझ्याइतकं जवळून कुणी बघितलं नाही. तुला साक्षीला बोलावतील. यायचं आणि सांगायचं.

बनूबाई


२९ मार्च १९५३

अंजनी,

तुझं उत्तर नाही. गुरुजींचं आलं. अक्षर मोत्यासारखं. 'झाले गेले विसरून जावे. गावात दुही माजेल. अंजनी भोळी आहे, फार रडते.'

गुरुजी, ती भोळी. तुम्ही कोण? तुम्ही ट्रेनिंग घेतलेले मास्तर. चेटूक बिटूक काही नसतं हे तुम्हांला ठाऊक होतं. त्या दिवशी अख्ख्या उंबरवाडीत हे ठाऊक असलेला माणूस एकच होता, आणि तो पाढे घेत होता. कधी कधी मला हरिचंद्रापेक्षा तुमचाच राग जास्त येतो. हेही मोठ्याने वाचा.

अंजनी, कमळाबाई म्हणते हरिचंद्राने हे माझ्या वाट्याच्या खाचरांसाठी केलं. आमचे वकीलही तेच म्हणाले. 'तसं लिहू, कोर्टाला पटतं.' मी नको म्हटलं. कारण ते खरं नाही. तो दगड घेऊन माझ्यासमोर बसला तेव्हा रडत होता. 'वयनी, तोंड उघर,' म्हणाला. जसं काही औषध पाजायचंय. बाईचे दात पाडले की तिला मंत्र म्हणता येत नाही आणि मग पुढचं पोर वाचतं, हे त्याला मनापासून खरं वाटत होतं. जमिनीसाठी केलं असतं तर मी म्हटलं असतं, घे बाबा जमीन. रडणाऱ्याला काय देणार? वरचे चार आणि खालचे दोन पाडले. तू उंबऱ्यात होतीस. पदर तोंडात धरला होतास.

शिवेपर्यंत माणसं काठ्या घेऊन मागे आली. मी नदीकाठाने मांजर्लीवरून बदलापूरला आले, तिथून रुळांच्या कडेने अंबरनाथ आणि तसंच पुढे. कुठे चाललेय ते कळत नव्हतं. रूळ होते म्हणून चालत होते. ह्या बराकींच्या नळावर पाणी प्यायला वाकले तर खालची फरशी लाल झाली. मागे सिंधी बायका रांगेत उभ्या होत्या. त्यांतली एक हंडा ठेवून पुढे आली. जेठीबाई तिचं नाव. तिने विचारलं, "अदी, तुम्हारे गाँव में भी दंगा हुआ?" अदी म्हणजे ताई. मी मानेने हो म्हटलं. तिने आपली ओढणी भिजवून माझ्या तोंडाला लावली.

तिच्याच खोलीत मी अजून राहते. तिच्याबरोबर पापड लाटते, तिच्या म्हाताऱ्या सासूला आंघोळ घालते. दिवसा इथल्या बायकांच्या दवाखान्यात आया म्हणून जाते. तिथल्या नर्सबाई, नीलिमा सबनीस, आम्हां आयांना दुपारी अक्षरं शिकवतात.

त, थ, द मला म्हणता येत नाहीत. त्यांना दात लागतात. मी बोलले की दवाखान्यातल्या बायका तोंडाला पदर लावतात, बराकीतली मुलं नक्कल करतात. पण पाटीवर 'त' काढला तो सगळ्यांच्या 'त'सारखाच आला. तेव्हा मी ठरवलं की तुला लिहायचं.

समन्स घेऊन माणूस आला तेव्हा हरिचंद्र घरी नव्हता म्हणे. दोन्ही वेळा नव्हता. त्याला सांग, मला घाई नाही.

बनूबाई


१४ जून १९५३

अंजनी,

तुझा नवरा काल येऊन गेला. तुला सांगून आला होता की नाही, ठाऊक नाही.

मी दारात पापड वाळत घालत होते. तो बराकीच्या कोपऱ्याशी उभा. हातात नारळ आणि खणाचं पुडकं. जवळ येईना. जेठीबाईने विचारलं, "अदी, ये कौन है?" मी म्हटलं, "दीर." तिला ते कळलं नाही. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि कळलं. लाटणं हातातच ठेवून ती उंबऱ्यात येऊन बसली.

"वयनी," तो म्हणाला, "झाला त्यो झाला. केस मांगं घे."

मी पापड पसरत राहिले. मी बोलले की काय ऐकू येतं ते त्याने ऐकावं असं मला वाटत होतं आणि वाटतही नव्हतं.

"अंजनीला दिस गेलंत," तो म्हणाला. "सहावा चाललाय. भगत म्हनतो, कोरटात तुजा नाव निघत र्‍हायला त ह्यो पोर पन टिकायचा नाय. तुज्या पाया परतो."

खरंच पडला. पापडांच्या मधे. दोन पापड मोडले. जेठीबाई ओरडली. मी त्याला म्हटलं, "ऊठ." तेवढं मला नीट म्हणता येतं.

मग मी विचारलं, बाळंतपण कोण करणार. तो म्हणाला, "माजी आत्याच करनार. तू शिकवलेली हाय ना ती. सगला तुज्यासारखाच करते, वयनी. तसूभर फरक नाय."

हे ऐकल्यावर मी खाली बसले. त्याला वाटलं मी विरघळले. तो नारळ पुढे करायला लागला. मी तो नारळ उचलला आणि गटारात टाकला. खण जेठीबाईच्या सासूला दिला. तिला रंग आवडला.

केस मागे घेणार नाही. तारीख लागली की कळेल.

तुला पोर होणार हे ऐकून मला आनंद झाला नाही. वाईटही वाटलं नाही. दुसरंच काहीतरी झालं. ते काय, हे ह्या पत्रात लिहीत नाही. ओट्यावर पुष्कळ माणसं असतील.

बनूबाई


१२ जुलै १९५३

गुरुजी,

हे पत्र मोठ्याने वाचू नका. हरिचंद्र लावणीला गेला असेल तेव्हा घरी जा आणि अंजनीला एकटीला वाचून दाखवा. आत्यालाही बाहेर पाठवा. इतके दिवस तुमच्याकडून काही मागितलं नाही. आज मागते.

अंजनी,

पहिल्या पत्रात मी लिहिलं की माझ्या हातून काही झालेलं नाही, आणि गुरुजींना ते दोनदा वाचायला लावलं. ते खोटं होतं. लिहिताना ठाऊक होतं की खोटं आहे.

गेल्या पावसाळ्यात इथे एक सिंधी बाई आपलं सात दिवसांचं पोर घेऊन आली. पोर दूध ओढत नव्हतं. जबडा मिटलेला. जरा हात लावला की अंग धनुष्यासारखं मागे वाकायचं. मी बादली घेऊन दारात उभी होते. मी ते पोर आधी बघितलं होतं. तुझ्या मांडीवर, दोनदा.

नर्सबाईंनी त्या बाईला विचारलं, "नाळ कशाने कापली? वर काय लावलं?"

ती म्हणाली, सुरीने कापली. वर राख लावली.

पोर संध्याकाळी गेलं. मी नर्सबाईंना विचारलं, राखेचं काय? त्यांनी सांगितलं, शेणात, मातीत, गंजलेल्या लोखंडावर धनुर्वाताचे जंतू असतात. डोळ्यांना दिसत नाहीत. नाळेतून आत शिरतात आणि पाचव्यापासून दहाव्या दिवसापर्यंत पोराला नेतात. "किती सुइणींना सांगितलं," त्या म्हणाल्या, "ऐकत नाहीत." मी सुईण होते हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. मी बादली उचलली आणि फरशी पुसायला गेले.

तुझी नाळ मी विळ्याने कापली. तोच विळा, ज्याने आपण गवत कापायचो. नदीवर धुतलेला. वर गोवरीची राख लावली. मी ती राख फडक्यातून गाळून घ्यायची, अंजनी. सासूबाई नुसती चिमूट लावायच्या, मी गाळून लावायची. मला वाटायचं, माझं काम इतर सुइणींपेक्षा स्वच्छ आहे.

तुझी दोनच नाहीत. पाचव्यापासून दहाव्या दिवसात गेलेली मला अकरा आठवतात. तेव्हा आपण म्हणायचो सटवाईने नेलं. माझ्याच हातांनी गेली. दोन्ही तुझी आणि बाकीची नऊ. कुणाकुणाची ते मला नावानिशी ठाऊक आहे, पण त्या आयांना सांगू की नको हे अजून ठरत नाही.

वकिलांना मी विचारलं, असं असं आहे, पत्र लिहू का? ते खुर्चीतून उठलेच. "बाई, एक अक्षर कागदावर आणू नका. हे पत्र त्यांच्या वकिलाला मिळालं तर केस गेली." तीन आठवडे मी ऐकलं त्यांचं. पण हरिचंद्र म्हणाला ना, आत्या सगळं तुझ्यासारखंच करते. करणारच. मीच शिकवलंय.

तेव्हा नीट ऐक. ह्याबरोबर पुडकं आहे. त्यात कागदात गुंडाळलेलं नवं पातं आहे, दोरा आहे, साबणाची वडी आहे, धुतलेली फडकी आहेत. वेळ आली की पातं आणि दोरा पाण्यात टाकून चुलीवर ठेवायचं. भात शिजायला लागतो तितका वेळ पाणी उकळू दे. आत्याने नखं कापायची, कोपरापर्यंत साबणाने हात धुवायचे. पातं पाण्यातून काढलं की कशाला टेकवायचं नाही. नाळ बांधायची, कापायची आणि वर काही लावायचं नाही. राख नाही, शेण नाही, हळद नाही, तेल नाही. उघडी, कोरडी ठेवायची. आत्या भांडेल. तू खाटेवरून ओरड. तुला ओरडता येतं, मी ऐकलंय.

आता दुसरं. हे वाचून तुला वाटेल, म्हणजे भगत बरोबरच बोलला होता. नाही. मी चेटूक केलं नाही. मला ठाऊक नव्हतं, आणि तुम्हांलाही नव्हतं. तुम्ही मला बसवून विचारलं असतं, बाई, कशाने कापलंस, वर काय लावलंस, तर मी सांगितलं असतं. एखाद दिवशी कुणी डॉक्टरला विचारलं असतं. तुम्ही तांदळाला विचारलंत. माझे केस कापले, दात पाडले, मला गुरासारखं शिवेबाहेर हाकललं आणि विळा तसाच आत्याच्या हातात दिलात. आणि मी खरोखरची चेटकीण असते, तरी माझ्या तोंडात दगड घालायचा हक्क तुम्हांला कुणी दिला होता?

तुझी माफी मागत नाही. तुझ्या पोरांची मागते.

हे पत्र वाचून झालं की जाळून टाक.

बनूबाई


२३ डिसेंबर १९५३

अंजनी,

तू ते जाळलं नाहीस.

गुरुजींचं कार्ड मला सप्टेंबरातच मिळालं होतं. मुलगी झाली. आत्या राखेची वाटी घेऊन बसली आणि तू खाटेवरून लाथ मारून वाटी उडवलीस. पातं उकळायला चूल मोकळी नव्हती म्हणून गुरुजींनी आपला स्टोव्ह आणला आणि तुमच्या अंगणात बसून पंप मारत राहिले. बामण माणूस बाळंतिणीच्या दारात बसलाय हे बघायला आळी जमली. सातवा दिवस गेला, आठवा गेला, दहावा गेला. बारसं झालं. ते कार्ड मी नर्सबाईंना दाखवलं आणि तेव्हा त्यांना सगळं सांगितलं, माझ्या विळ्यासकट. त्यांनी ते पुन्हा वाचून माझ्या हातात दिलं. मग म्हणाल्या, "उद्यापासून बाळंतपणाच्या खोलीत या. फरशीचं काम दुसरी करेल."

गुरुजी, स्टोव्हचं मानते. बाकीचं मानत नाही.

पण अंजनी, पत्र का ठेवलंस? जपून ठेवावं असं त्यात काय होतं? ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत ठेवलंस म्हणे. हरिचंद्राला ते तिथेच सापडलं.

परवा कोर्टात त्यांचा वकील उठला आणि त्याने तो कागद माझ्यासमोर धरला. "हे अक्षर तुमचं?"

"माझं."

"'माझ्याच हातांनी गेली.' हे तुम्ही लिहिलंय?"

"लिहिलंय, पण पुढे..."

"अकरा मुलं. हेही तुम्हीच लिहिलंय?"

"हो, पण ते राखेमुळे..."

"पुरे." तो खाली बसला. मागच्या बाकांवरून कुणीतरी हसलं, कारण मला 'राखेमुळे' म्हणता आलं तरी 'धनुर्वात' म्हणता आलं नाही. तीनदा म्हटलं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी तिसऱ्या वेळी मान वर केली, लिहून घेणाऱ्याने मात्र विचारलं, "काय?"

मग तुला बोलावलं. पोरगी काखेत. डोक्यावरून पदर. आमच्या वकिलांनी विचारलं, त्या दिवशी तू कुठे होतीस?

"घरान व्हते."

दारात नव्हतीस?

"नाय."

दगड कुणाच्या हातात होता?

तू हरिचंद्राकडे बघितलं नाहीस. माझ्याकडेही नाही. खाली बघून म्हणालीस, "मना काय ठाव नाय."

दात पडले हे कोर्टाने मान्य केलं. डॉक्टरचा कागदच होता. ते कुणी पाडले हे कोर्टाला कळलं नाही. चौघेही सुटले. बाहेर आवारात जनू भगत गूळ वाटत होता. आमच्या वकिलांनाही त्याने हात पुढे केला.

मी भिंतीशी उभी होते. तुम्ही समोरून गेलात. तू जरा मागे राहिलीस, आणि पोरीवरचं फडकं बाजूला केलंस, मला दिसावी म्हणून. मी तोंड फिरवलं. तुला वाटलं असेल, आपली दृष्ट पोरीला लागू नये म्हणून बनूबाईने तोंड फिरवलं. तसं नाही. तिला बघितलं असतं तर मला तुझ्यावर चिडता आलं नसतं. आणि मला चिडायचं होतं. आजही आहे.

तुला नवऱ्याच्या घरात राहायचंय, हे मला कळतं. कळतं म्हणून चालतं असं नाही.

मी पुन्हा लिहिणार नव्हते. पण त्या नऊ आया आहेत. त्यांना मी एकेकीला वेगळं पत्र लिहिणार आहे. सहा अजून उंबरवाडीतच आहेत. गुरुजींनी ती पत्रं घरोघरी जाऊन वाचायची. ज्या शिव्या पडतील त्या ऐकायच्या आणि मला कळवायच्या.

बनूबाई


९ मे १९५४

अंजनी,

गुरुजींचं पत्र काल आलं. त्यात दोन गोष्टी आहेत. दोन्ही तू सांगितल्यास असं ते लिहितात.

पहिली. गाव मला माफ करायला तयार आहे. शिवेवर नारळ फोडायचा, भगत पाणी शिंपडेल, मग मी घरी यायचं, कुणी काही बोलणार नाही. माझी खोली तू सारवून ठेवलीस म्हणे. हे वाचून मी जेठीबाईला सांगितलं, मेरे को माफ किया. ती हसायला लागली. मग तिने बघितलं की मी हसत नाहीये, आणि थांबली. ती म्हणाली, तिच्या गावात आता तिच्या घरात कोण राहतं ते तिला ठाऊक नाही, पण त्यांनी माफ केलं असा निरोप तरी अजून कुणी धाडला नाही.

मी येणार नाही. त्या खोलीत कोंबड्या ठेव.

नऊ आयांपैकी चौघींनी शिव्या दिल्या, ते गुरुजींनी कळवलं. दोघी काही बोलल्या नाहीत. एकीने विचारलं, तिचं पोर किती दिवस आजारी होतं हे बनूबाईला अजून आठवतं का? आठवतं. पाच दिवस. तिला सांगा. उरलेल्या दोघींपैकी एकीला गाठायला गुरुजी रविवारी चामटोलीला जाणार होते, त्याचं काय झालं ते लिहिलं नाही. दुसरीचा पत्ताच नाही.

दुसरी गोष्ट. जनू भगताच्या सुनेला, सखूला, आठवा लागलाय. तिचं पहिलं पोर अडून गेलं होतं. ह्या खेपेला भगताने कुणाला न सांगता तुझ्याकडे निरोप दिला, की बनूबाईकडून तसलं पुडकं मागव. त्याने स्वतः का लिहून घेतलं नाही? लाज वाटली असेल तर बरंच झालं.

पुडकं पाठवणार नाही. पहिलं पोर अडलं असेल तर पात्याने आणि दोऱ्याने काही होत नाही. मी काल नर्सबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बाईला बघावं लागेल, कदाचित डॉक्टरीणबाई लागतील. तेव्हा तिला इकडे आणा. पाऊस लागायच्या आत आणा. नदी चढली की तुमची वाट बंद होते. बैलगाडीत खाली जाड पेंढा घाला, अंबरनाथपर्यंत सावकाश या, तिथून टांगा करा. बायकांचा दवाखाना म्हटलं की कुणीही सांगेल. इथे बनूबाई कोण असं विचारलं तर तेही सांगतील. बाळंतपणाच्या खोलीत आता मीच असते.

सखूच्या अंगाला मी हात लावलेला भगताला चालणार नसेल, तर त्याने ते आधी कळवावं. खाट अडवून ठेवलीय, ती मग दुसरीच्या उपयोगी पडेल. चालणार असेल, तर त्याने स्वतः गाडी हाकत यावं. मला त्याला फाटकापाशी उभं राहिलेलं बघायचंय. त्याला मी काही बोलणार नाही. बोलले तरी त्याला कळणार नाही, निम्मी अक्षरं तोंडातल्या तोंडात जातात.

तू सखूबरोबर येशील हे मला ठाऊक आहे. तिला धीर देणारं दुसरं कुणी नाही. ये. पण फाटकाच्या आत यायचं नाही. बाहेर चिंचेखाली बसायला जागा आहे, तिथे बस. पाणी जेठीबाई आणून देईल. मी बाहेर येणार नाही. तू हाक मारलीस तरी येणार नाही.

पोरगी आता आठ महिन्यांची झाली असेल. तिला अजून देवी काढल्या नसतील. उंबरवाडीत कोण काढणार? तिला सखूच्या मांडीवर दे आणि आत पाठव. टोचताना ती रडेल. बाहेर तुला ऐकू येईल. तरी तू आत यायचं नाहीस. मी धरीन तिला.

बनूबाई